नुसतं बघायचं

आमच्या भागात डॉक्टरांची वाटणी सोपी आहे. टोचणारे, कापणारे आणि बघणारे. मी बघणारी. उमरग्यात हायवेच्या कडेला माझं सोनोग्राफीचं सेंटर होतं. पाटीवर नाव, पदवी सगळं होतं, पण ते वाचतो कोण? रिक्षावाल्याला "पोटात बघणाऱ्या बाईंकडं चल" म्हटलं की तो बरोबर माझ्या दारात आणून सोडायचा. सुरुवातीला लई राग यायचा. एवढं शिकून शेवटी काय, तर बघणाऱ्या बाई! जणू मी कुणाची सोयरीक बघायला निघालेय, नाहीतर हात बघून भविष्य सांगतेय. पुढं कानाला सवय झाली. आता सेंटर सोडल्यावर कुणी तसं म्हणत नाही, तर चुकल्यासारखं होतं.

हे काम असतं तरी कसं ते आधी सांगते. एक अंधारी खोली, एक टेबल, एक मशीन. पोटावर थंडगार जेली लावायची आणि हातातला प्रोब त्यावर फिरवायचा. त्यातून आपल्याला ऐकू न येणारा आवाज निघतो, आत जातो, कशावर तरी आपटून परत येतो, आणि त्या परत आलेल्या आवाजाचं पडद्यावर चित्र उमटतं. विहिरीत हाळी द्यावी आणि परत आलेल्या आवाजावरून खाली पाणी किती ते ओळखावं, तसलाच प्रकार. चित्र कसलं, करडा धूर नुसता. नवख्या माणसाला त्यात काही म्हणता काही कळत नाही. आमची नजर त्यात मुरलेली असते, म्हणून धुरातून लिव्हर, पित्ताची पिशवी, किडनी एकेक करून पुढं येतात.

दार लावलं की हायवेवरचे ट्रक, स्टँडवरची ओरड, सगळं कुठंतरी लांब जायचं. मशीनची बारीक घरघर तेवढी उरायची. आणि गारवा. एसी माणसांसाठी नव्हता, मशीन तापू नये म्हणून होता, पण उन्हाळ्यात आमच्याकडं ज्या झळा लागतात त्यातून आलेला माणूस टेबलावर आडवा झाला की निम्म्या तपासणीत घोरायला लागायचा. जळकोटची एक आजी तर तपासणी संपली तरी उठेना. हलवलं तर डोळे न उघडताच म्हणाली, "अजून जरा बघ की गं माय, लई दिवसांनी डोळा लागलाय." मी बाहेरच्या पेशंटांना थांबवलं आणि तिला निजू दिलं. काय करता! एकानं तर दारात येऊन विचारलं होतं, म्हशीचं बघता का म्हणून. नाही म्हटलं तर म्हणाला, "पोट तर तिला बी हाय की."

मापांचं विचारूच नका. मी सेंटिमीटर सांगायची, ते कुणाला रुचायचं नाही. खडा तुरीएवढा का हरभऱ्याएवढा, असं विचारायचे. मग मीही तसंच सांगायला शिकले. पण एक नियम मी कधी मोडला नाही. दिसलं तेवढंच सांगायचं, न बघता बोलायचं नाही. घरात सगळे चिडवायचे, की आई आमटीत मीठ बरोबर आहे का हेही चाखल्याशिवाय सांगत नाही. नाहीच सांगत. माझे वडील येडशी स्टेशनात सिग्नलवर होते. रूळ मोकळा दिसल्याशिवाय त्यांनी कधी हिरवा दिवा दाखवला नाही, मग मी कशी दाखवू?

तरी एक बोच होतीच. माझ्या बरोबरीचे कापणारे झाले. लग्नकार्यात भेटले की त्यांच्याभोवती बरे झालेल्या माणसांचा गराडा. माझ्याकडं बघून म्हणायचे, "तुझं बरंय, नुसतं बघायचं." मी हसून वेळ मारून न्यायची, पण ते लागायचं मनाला. खोटं नव्हतं ते. मी कुणाला बरं केलं नाही. माणूस टेबलावर यायचा, मी त्याच्या आतलं बघायची, रिपोर्ट लिहायची, आणि तो दाराबाहेर गेला की त्याचं पुढं काय झालं हे मला कधी कळायचं नाही. अर्ध्या गोष्टी ऐकून उठून यावं तसं आयुष्य गेलं. एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत ऐकायला मिळाली. ती मुरूमच्या आप्पांची.

मल्लप्पा त्यांचं नाव, पण सगळा बाजार त्यांना आप्पा म्हणायचा. मुरूमच्या बाजारात तूर-मुगाची आडत. सत्तरी ओलांडलेली, कपाळाला विभूती, परीटघडीचं धोतर, आणि गळ्यातल्या दोऱ्यात चांदीची डबी. डबीत इष्टलिंग. लिंगायत माणूस ते अंगावेगळं करत नाही. आप्पांचा दोरा लांब होता, डबी नेमकी बेंबीपाशी यायची, म्हणजे माझ्या कामाच्या जागेवर. जरा वर घेता का म्हटलं तर त्यांनी ती डाव्या मुठीत धरली. लघवीला वेळ लागतो म्हणून आले होते. या वयात पुरुषांना लागतोच. ते बघून झालं, आणि सवयीनं मी प्रोब किडनीकडं नेला.

उजवी किडनी आधी सापडेचना. सापडली ती सुकलेल्या खारकेसारखी. कधीकाळी खडा अडकला असणार, हुलग्याचं कढण पिऊन पिऊन दुखायचं थांबलं असणार, आणि आप्पा बरे झालो म्हणून विसरून गेले असणार. दुखायचं थांबलं होतं, कारण किडनीनंच काम सोडलं होतं. मग त्यांना उजव्या कुशीवर वळवलं, डावा हात डोक्यावर घ्यायला सांगितला. डावी किडनी चांगली भरलेली, दोघींचं काम एकटी ओढणारी. आणि तिच्या बाहेरच्या कडेला एक गोल. करड्यातच थोडा वेगळा करडा. मी प्रोब इकडून फिरवला, तिकडून फिरवला, गोल हलला नाही. वर बघितलं तर आप्पा डोक्यावरच्या हातातल्या डबीकडं बघत पडले होते. ते तिकडं बघत होते, मी इकडं.

बाहेर त्यांचा थोरला मुलगा शिवराज बसला होता. त्याला बाजूला घेऊन सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. मग इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला, आप्पांना यातलं काही सांगू नका, खडा आहे म्हणा, कॅन्सरचं नुसतं नाव काढलं तरी ते खचतील. मी म्हटलं, "खडा सांगितला तर ते उद्यापासून कढण पीत बसतील." तो अजून काही बोलणार तेवढ्यात उघड्या दारातून आतून आवाज आला. आप्पा टेबलावर बसून पोटावरची जेली पुसत होते.

"बाई, खडा असता तर शिवराज एवढं हळू बोलला नसता. गाठ हाय ना?"

मी आत गेले आणि हो म्हटलं.

"केवढी?"

"सुपारीएवढी."

त्यांनी जरा विचार केला. "कच्ची का भाजकी?"

मला हसू फुटलं. त्या खोलीत कॅन्सरचं बोलताना मी हसले असेन ते तेवढंच. मग स्टूल ओढून बसले आणि बापलेकांना सगळं उलगडून सांगितलं. तुम्हालाही सांगते, कारण हे आपल्यापैकी कुणाच्याही वाट्याला येऊ शकतं. पूर्वी किडनीची गाठ कळायची ती लघवीतून रक्त गेल्यावर, नाहीतर हाताला लागण्याएवढी मोठी झाल्यावर. आता कशासाठी तरी पोट बघायला आलेल्या माणसात अशी लहानशी गाठ अवचित सापडते. त्यातल्या काही अगदी साध्या निघतात. बऱ्याचशा कॅन्सरच्याच असतात, पण त्यांतही कितीतरी अशा आळशी, की माणूस आपल्या वयानं जातो आणि गाठ जागची हलत नाही. काही मात्र हलतात. कुठली कुठल्या वळणावर जाईल हे नुसत्या तोंडावळ्यावरून कळत नाही. सुईनं तुकडा काढून तपासता येतो, पण तोही दरवेळी सरळ उत्तर देतो असं नाही.

शिवराजचं ठरलेलं होतं. अख्खी किडनी काढून टाकायची. "नासका आंबा अढीत कोण ठेवतं मॅडम?" म्हणाला. त्याचं चुकत होतं असं नाही, बापाच्या काळजीनंच बोलत होता. पण या अढीत चांगला आंबा एकच होता. ती किडनी काढली तर आप्पांना आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसच्या मशीनला लावावं लागणार, उरलेलं सगळं आयुष्य. दुसरी वाट म्हणजे किडनी ठेवून तेवढी गाठच कापून घ्यायची. चांगली वाट, पण ऑपरेशन मोठं, आणि एकुलत्या किडनीला धक्का लागायचा धोका. तिसरी म्हणजे बाहेरून सुई घालून गाठ आतल्या आत भाजायची किंवा गोठवायची. आणि चौथी, काहीच न करता ठरलेल्या वेळी परत परत तपासायचं, वाढते का ते बघायचं, आणि वाढली तर पहिल्या तीनपैकी एक निवडायची.

आप्पांनी सगळं ऐकलं. मग डबी सदऱ्याच्या आत सोडत म्हणाले, "मरायला भीत न्हाय बाई. बांधून घ्यायला भितो. मला मशीनला बांधू नका."

एवढीच त्यांची मागणी. पहाटे उठणं, आंघोळ, पूजा, मग बाजारात जाऊन मूठभर तूर तळहातावर घेऊन ती कुठल्या शिवारातली ते सांगणं. त्यांना हे सगळं चालू हवं होतं. मी त्यांना सोलापूरच्या सर्जनकडं पाठवलं.

तिथं आधी सीटी स्कॅन करायचा होता, आणि तिथंच अडलं. चांदीची डबी चित्रात चमकते आणि भोवतालचं सगळं पुसून टाकते. टेक्निशियन म्हणाला काढून ठेवा, आप्पा म्हणाले मग फोटो नको. शिवराजनं मला फोन लावला. मी टेक्निशियनला विचारलं, सीटीत माणसाचे हात कुठं असतात? डोक्यावर. मग डबी शिवराजच्या हातात देऊ दे, आतलं लिंग पांढऱ्या फडक्यात गुंडाळून आप्पांच्या तळहातात राहू दे. हात डोक्यावर, पोट मोकळं. फोटो छान आला. गाठ तीच होती, तिथंच होती, दुसरीकडं कुठं काही नव्हतं.

सर्जन तरुण होते, शांत. त्यांनी या मंडळींना नीट वेळ देऊन समजावलं, हे मला माहीत आहे, कारण नंतर माझं त्यांच्याशी बोलणं झालं. वय, एकच चालती किडनी, लहान गाठ, घाई करण्यात फायदा कमी. काही महिन्यांनी परत तपासू, वाढली तर हात घालू. सगळं बरोबर. पण शेवटी ते म्हणाले, "सध्या आपण बघू." आणि घोटाळा झाला.

आता सांगा, आपल्याकडं 'बघू' म्हणजे काय? सोयरीक नाकारायची तर 'बघू'. पुढारी रस्ता करणार नसला की म्हणतो 'बघू'. आणि डॉक्टर जेव्हा 'बघू' म्हणतो, तेव्हा घरचे पेशंटला गाडीत घालतात, आवडतं ते खाऊ घालतात आणि पाहुण्यांना कळवतात. आप्पांच्या घरात कन्नड बोलतात. सोलापूरहून येता येता त्या 'बघू'चं 'नोडोण' झालं, आणि नोडोणचा अर्थही तोच, उलट थोडा जास्तच. सर्जनचं बाकीचं बोलणं वाटेत कुठं गळून पडलं कोण जाणे.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. एका सकाळी आप्पांची मुलगी महानंदा सेंटरवर आली. ती आळंदला दिलेली, निरोप मिळाल्यावर तशीच निघून आली होती. पदर सावरत म्हणाली, "बाई, आमच्या आप्पांचं अजून किती?"

मला वाटलं गाठीचं माप विचारतेय. म्हटलं, "सुपारीएवढंच."

ती हुंदके द्यायला लागली. दिवस विचारत होती बिचारी. मी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. घरात पाहुणे जमलेत. आप्पांनी कधी मागितले नव्हते ते गोड पदार्थ रोज त्यांच्यापुढं येतायत. आणि शेतात, लिंबाच्या झाडाजवळ, समाधीसाठी जागाही बघून ठेवलीय. मी म्हटलं, "कुणी बघितली जागा?" तर शिवराजनं. माझं डोकंच फिरलं. पेशंटांना दुपारी या म्हणून सांगितलं आणि महानंदाला गाडीत घालून मुरूमला निघाले. रस्ताभर ती डोळे पुसत होती आणि मी स्वतःशीच भांडत होते.

आडतीच्या मागंच त्यांचं घर. पोत्यांचा, नव्या तुरीचा वास. अंगणात सतरंज्या, त्यावर पाहुणे, सगळे हलक्या आवाजात कन्नडमध्ये बोलत होते. शिवराज लगबगीनं पुढं आला. मी त्याला भर अंगणात सुनावलं. कोण मरतंय, ते आधी मला सांग म्हटलं. बापाला चांगलं चालता-बोलता घरी आणलंस आणि जागा बघत फिरतोस? तो गोंधळून म्हणाला, "पण डॉक्टरच म्हणले ना, नुसतं बघायचं. काही करायचं असतं तर केलं नसतं का?"

त्याचं बोलणं मला नेमकं लागलं. कारण माझी बोच तीच होती. नुसतं बघायचं. म्हणजे काहीच करायचं नाही.

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. आप्पा पाटावर बसले होते, पूजा चालू होती. बाहेर एवढा आवाज झाला, पण त्यांची मान हलली नव्हती. डावा हात छातीसमोर, तळहातावर काळंभोर लिंग, आणि नजर त्यावर. ओठ हलत नव्हते, पापणीसुद्धा हलत नव्हती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, या पूजेत मुख्य काम तेच. बेल, विभूती वाहून होते, मग लिंग तळहातावर ठेवून एकटक बघत बसायचं. अंगणातली माणसं, मी, शिवराज, सगळे त्यांच्या उठण्याची वाट बघत उभे. खिडकीतून ऊन त्यांच्या हातापर्यंत आलं होतं. मला माझी अंधारी खोली आठवली. किती वेळ गेला कळलं नाही.

त्यांनी लिंग कपाळाला लावून डबीत ठेवलं आणि बाहेर आले. मला बसा म्हणाले. मग शिवराजकडं वळून मराठीतच बोलले, मला कळावं म्हणून.

"माझ्या आज्ज्यानं हे हातावर दिलं तवा मी लहान होतो. म्या विचारलो, काय करायचं याचं? तर म्हणला, रोज बघायचं. बघायला चुकायचं न्हाय. तवापासून रोज बघतो. आजवर तुमी कुणी म्हणलात का, आप्पा नुसता बसून हाय, काय करत न्हाय? बघणं हेच काम हाय रे. बाई तेच करायलेत."

मला भरून आलं. डोळ्यांतलं पाणी महानंदानं बघितलं आणि तिला वाटलं, नक्कीच काहीतरी वाईट आहे. तिची समजूत काढायला मला परत सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. त्या दिवशी जमलेल्या पाहुण्यांना जेवायला घालूनच परत पाठवलं, आणि पंक्तीत सगळ्यांत जास्त पोळ्या आप्पांनी खाल्ल्या.

पुढची काही वर्षं मला स्वप्नात घडल्यासारखी आठवतात. आप्पा ठरल्या वेळी यायचे. मधे एखादा सीटी सोलापूरला, बाकी माझ्याकडं. चप्पल दाराबाहेर, उजव्या कुशीवर, डावा हात डोक्यावर, मुठीत डबी. जेली लावली की थोड्याच वेळात त्यांचा श्वास लांबायचा. मी गोल शोधायची, मापायची. तेवढाच. घाई नसली तर उगाच बघत राहायची. त्या करड्या धुरात मला येडशीच्या रामलिंगाच्या दरीतलं सकाळचं धुकं दिसायचं, लहानपणी वडिलांचा हात धरून मी उतरायची तिथलं. झाडं नसतात, नुसती त्यांची चाहूल असते. आप्पांना तर टेबलावर स्वप्नं पडायची. एकदा जागे होऊन म्हणाले, विहिरीत उतरत होतो, पायऱ्या संपेनात, खाली पाणी नव्हतं तर फुलावर आलेली तूर होती, पिवळीधमक, आणि आतून हिच्या बांगड्या वाजत होत्या. 'ही' म्हणजे त्यांची बायको, जाऊन बरीच वर्षं झालेली. मी विचारलं, मग उतरलात का? म्हणाले, "तेवढ्यात तुमी जेली पुसायला लागलात."

जाताना गाठीबद्दल एकच प्रश्न असायचा.

"निजलीय का?"

"निजलीय."

"निजू दे मग."

आणि एका वेळी ती निजलेली नव्हती. मी एकदा मापलं, पुन्हा मापलं, जुनी चित्रं काढून शेजारी लावली. सुपारी लिंबाएवढी व्हायला निघाली होती. आप्पा झोपले होते. खरं सांगते, त्यांना उठवू नये असं वाटलं. एवढी वर्षं एकमेकांच्या सोबतीनं गेली, अजून एकदा 'निजलीय' म्हटलं तर कुणाला कळणार होतं? पण दिसलं तेवढं सांगायचं, हा नियम माझाच. मी जेली पुसली. त्यांनी विचारलं, "निजलीय का?" मी म्हटलं, "जागी झालीय, आप्पा."

ते उठून बसले. डबी सदऱ्यात सोडली. घाबरल्यासारखे दिसले नाहीत, पण चप्पल घालताना पहिल्यांदा डावीत उजवा पाय घातला.

गंमत शिवराजची. ज्याला पहिल्या दिवशी किडनी काढून टाकायची होती, तो आता म्हणायला लागला, एवढी वर्षं बघितलं तर अजून थोडं बघू की मॅडम, आप्पांचं वय झालं, आता सुया कशाला. बघण्याची त्याला एवढी सवय झाली होती की पायाखालचा साप दिसला तरी बघत बसला असता. मी चिडले. म्हटलं, "अरे, बघणं कधी थांबवायचं ते कळावं म्हणून तर बघायचं असतं. आता बघितलं तर ते तुझं जुनं 'बघू' होईल, नोडोण." आप्पा म्हणाले, "जागी झाली तर घरात ठेवून काय करायचं? जाऊ दे तिला."

सर्जननं पुण्याची वाट दाखवली. या वयात कापण्यापेक्षा सुई बरी, आणि गाठ अजून सुईच्या आवाक्यात होती. सीटीच्या मशीनवर पालथं झोपवून, पाठीतून बारीक सुई घालून, टोकाच्या उष्णतेनं ती आतल्या आत भाजली. मी गेले नाही. उमरग्यात माझ्या खोलीत बसून राहिले आणि त्या दुपारी एका धडधाकट बाईचं पोट गरजेपेक्षा बराच वेळ बघितलं. भीती गाठीची नव्हती, किडनीची होती. तिनं काम सोडलं तर ज्याला आप्पा भीत होते तेच होणार. त्यानंतर काही दिवस रक्ताचे रिपोर्ट बरे नव्हते, किडनी थकल्यासारखी झाली होती. शिवराजचा फोन वाजला की मी हातातलं काम सोडून आधी तो घ्यायची. मग एका सकाळी फोनवर शिवराज नव्हता, खुद्द आप्पाच होते. लघवीची धार चांगली आहे म्हणाले, रक्तातला आकडा खाली आला म्हणाले, मशीनची गरज नाही असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणाले. मी फोन कानाला तसाच धरून खुर्चीत बसले. पलीकडून त्यांनीच विचारलं, "ऐकताय ना बाई? तुमची सुपारी आता भाजकी झाली."

त्यानंतर माझेच डोळे दगा द्यायला लागले. मोतीबिंदू काढले, वाचता येतं, गाडी चालवता येते, पण करड्यातला वेगळा करडा पूर्वीसारखा पटकन पुढं येईना. ज्या दिवशी एक गोल मला दुसऱ्यांदा बघितल्यावर दिसला, त्या दिवशी ठरवलं, पुरे. जागा एका तरुण डॉक्टरला दिली. चांगला मुलगा आहे, हुशार आहे. लोक त्याला बघणारे साहेब म्हणतात. मला थोडा मत्सर वाटतो, कशाला लपवू.

परवा दुपारी आप्पा घरी आले. आता काठी लागते. बरोबर शिवराज, हातात नव्या मुगाची पिशवी. आप्पा खुर्चीत बसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, बघा. मी म्हटलं, आप्पा, मशीन गेलं, माझे डोळेही गेल्यातच जमा आहेत, दिवाळीनंतर सोलापूरला सीटी आहे तुमचा, तो चुकवू नका. शिवराज म्हणाला, चुकवणार नाही, गाडीसुद्धा सांगून ठेवलीय. आप्पा म्हणाले, "ते सोलापूरचं सोलापूरला. मशीननं बघा म्हणलो का मी?"

मी खिडकीचा पडदा ओढला, पंखा लावला. शिवराज ओसरीवर जाऊन बसला. आप्पांनी मान मागं टेकली, डाव्या मुठीत डबी धरली, आणि सवयीनं हात डोक्याकडं गेला, पण आता तो वरपर्यंत जाईना, खांद्यापाशीच थांबला. मी समोर स्टुलावर बसले. कपाळावरची विभूतीची बोटं, छातीचं वरखाली होणं, श्वास लांबत गेलेला. खोलीत अंधुक उजेड होता. मी बघत होते, दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

वाटलं झोपले. तेवढ्यात डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, "निजलीय का?"

माझ्या हातात प्रोब नव्हता, समोर मशीनचा पडदा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी न बघता रिपोर्ट दिला.

"निजलीय, आप्पा. तुम्हीही निजा."